घड्याळजी ईश्वर आणि गुलामाचा प्रश्न

१

ईश्वर आहे की नाही, या प्रश्नावर मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तो आहे असे मानले तर तो करतो काय, हा प्रश्न मात्र फारसा कुणी धसाला लावलेला नाही. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला पहिला प्रश्न पुरतो. ज्याच्या पाठीवर आसूड बसतो त्याला दुसरा प्रश्न विचारावाच लागतो. आसूड उगारला जातो तेव्हा ईश्वर कोठे असतो? त्याला ते दिसते काय? दिसत असेल तर तो हात का धरीत नाही?

सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातल्या काही विचारवंतांनी या प्रश्नाला एक सरळ उत्तर दिले. ईश्वराने विश्व निर्माण केले, त्याला नियम घालून दिले, माणसाला बुद्धी दिली आणि एवढे केल्यावर त्याने कशातही हात घातला नाही. चमत्कार नाहीत, अवतार नाही, प्रेषित नाही, आकाशातून उतरलेला ग्रंथ नाही. घड्याळजीने घड्याळ तयार करावे, किल्ली द्यावी आणि मग ते आपल्या नियमाने चालत राहावे, तसे हे विश्व आहे. या मताला इंग्रजीत डीइझम म्हणतात. या लेखात मी त्याला केवलेश्वरवाद म्हणणार आहे.

ख्रिस्ती धर्मपंडितांनी या मताशी दीडशे-दोनशे वर्षे झुंज घेतली. त्या वादाचे ग्रंथ आज वाचले तर ते बहुतेक पोटभरल्यांचे भांडण वाटते. पण त्याच काळात, त्याच समुद्रावरून, गुलामांनी भरलेली जहाजे जात होती. त्या जहाजांतली माणसे आणि त्यांची मुलेबाळे या वादात बोलू लागली तेव्हा वादाचे स्वरूपच पालटले. केवलेश्वरवादावरचा खरा ख्रिस्ती आक्षेप बिशपांनी घेतलेला नाही. तो गुलामांच्या मुलांनी घेतला, असे माझे म्हणणे आहे. आणि त्या आक्षेपालाही एक उत्तर आहे, ते आपल्या जोतीरावांच्या जवळचे आहे.

२

केवलेश्वरवाद हवेतून आला नाही. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे युरोपात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांचे गळे कापीत होते. दोघेही आपल्या बाजूने ईश्वराचाच शब्द पुढे करीत. हे युद्ध चालू असतानाच, १६२४ साली, पॅरिसमध्ये इंग्लंडचा वकील असलेल्या एडवर्ड हर्बर्टने आपला ग्रंथ छापला. एक परमशक्ती आहे. तिची उपासना करावी. सदाचरण हाच उपासनेचा मुख्य भाग. पापाचा पश्चात्ताप करावा. या जन्मी किंवा पुढे बऱ्यावाईटाचे फळ मिळते. एवढी पाच तत्त्वे सर्व माणसांना उपजत बुद्धीने कळतात, बाकी सारे पुरोहितांनी वाढवून ठेवले आहे, असे त्याचे सांगणे. यात एक फार मोठी गोष्ट दडलेली होती. सत्य जर प्रत्येकाच्या बुद्धीत असेल तर ते सांगायला मधला माणूस लागत नाही. पुरोहिताची जागाच उडते.

प्रस्थापितांना हे तत्काळ कळले. १६९६ साली जॉन टोलंडने ख्रिस्ती धर्मात गूढ असे काही नाही अशा अर्थाचे पुस्तक लिहिले, तेव्हा पुढच्याच वर्षी आयर्लंडच्या पार्लमेंटने ते फाशीगाराच्या हातून जाळविले. त्याच १६९७ साली एडिंबरोमध्ये टॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला, बायबलची आणि त्रैक्याची थट्टा केल्याबद्दल, फासावर चढविण्यात आले. १७३० साली मॅथ्यू टिंडलचा ग्रंथ आला. खरा ख्रिस्ती धर्म सृष्टीइतकाच जुना आहे, बुद्धीला जे पटते त्याहून वेगळे त्यात काही असूच शकत नाही, असे तो म्हणत होता. या ग्रंथाला लोक केवलेश्वरवाद्यांचे बायबल म्हणू लागले.

याला सर्वांत भारदस्त उत्तर दिले ते जोसेफ बटलरने, १७३६ साली. त्याची युक्ती साधी आणि कडवी आहे. तुम्ही म्हणता बायबलात अवघड, क्रूर, न कळणाऱ्या गोष्टी आहेत, म्हणून ते ईश्वराचे नव्हे. मग निसर्गाकडे पाहा. निसर्गात अवघड, क्रूर, न कळणारे काही नाही काय? निर्दोषाला दुःख होते, बीजांतली बहुतेक वाया जातात, मुले मरतात. तरी तुम्ही निसर्ग ईश्वराचाच म्हणता. मग जो दोष निसर्गात चालतो तोच ग्रंथात का चालत नाही?

ही युक्ती दुधारी आहे, हे बटलरच्या लक्षात आले नसावे. जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की त्याच्या वडिलांना बटलरचा हा ग्रंथ पूर्ण पटला होता. केवलेश्वरवाद टिकत नाही हे त्यांना त्यातूनच कळले. पण पुढे ग्रंथही गेला आणि निसर्गाचा दयाळू ईश्वरही गेला, दोन्ही एकदमच. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बटलर १७३८ ते १७५० ब्रिस्टलचा बिशप होता. ब्रिस्टल हे त्या काळी इंग्लंडमधले गुलामांच्या व्यापाराचे एक प्रमुख बंदर. निसर्गात निर्दोषाला दुःख होते याचा दाखला देण्यासाठी त्याला दूर जावे लागले नसते. पण माणसाने माणसाला दिलेले दुःख आणि भूकंपाने दिलेले दुःख यांतला भेद त्याच्या युक्तिवादाला करताच येत नाही. सारे दुःख एका पोत्यात घालून ते ईश्वराच्या अगम्य योजनेवर ठेवून देणे, हा या परंपरेचा मोठा दोष आहे. आपल्याकडे कर्मसिद्धांताने हेच केले.

बटलरच्या आधी फ्रान्समध्ये पास्कालने अधिक खोल आक्षेप घेतला होता. १६५४ च्या नोव्हेंबरातल्या एका रात्री त्याला काही अनुभव आला. तो त्याने एका कागदावर लिहिला, आणि त्याच्या मृत्यूनंतर तो कागद त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात शिवलेला सापडला. पंडितांचा आणि तत्त्वज्ञांचा ईश्वर नव्हे, अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा ईश्वर आपल्याला भेटला, असे त्यात आहे. म्हणजे सिद्ध करता येणारा ईश्वर वेगळा आणि ज्याला हाक मारता येते तो वेगळा. हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. पुढे गुलामांनी नेमका हाच भेद उचलला, पण त्यांनी तो अंगरख्याच्या आत शिवून ठेवला नाही.

३

टॉमस पेनपाशी आल्यावर हा वाद रस्त्यावर येतो. पेन हा कंबरपट्टे आणि चोळ्यांचे ताठे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. अमेरिकन आणि फ्रेंच अशा दोन क्रांत्यांत त्याने लेखणी चालविली. १७९३ साली पॅरिसमध्ये, अटक केव्हा होईल याचा नेम नसताना, त्याने 'एज ऑफ रीझन'चा पहिला भाग लिहिला आणि तो १७९४ साली प्रसिद्ध झाला. एक ईश्वर आहे, न्यायाने वागणे, दया करणे आणि आपल्यासारख्याच इतर जीवांना सुखी करणे हाच धर्म, एवढीच त्याची श्रद्धा. सात-आठ वर्षांचा असताना एका नातेवाइकाने वाचलेले प्रवचन त्याने ऐकले होते. ईश्वराने आपल्या मुलाच्या मरणातून जगाचा उद्धार केला, असे त्यात होते. बागेच्या पायऱ्या उतरताना त्या मुलाला वाटले की एखाद्या माणसाने असे केले असते तर त्याला फाशी दिली असती. पेनचा सारा ग्रंथ त्या पायऱ्यांवरच सुरू झाला आहे.

पेनला उत्तर दिले लँडाफच्या बिशपने, रिचर्ड वॉटसनने, १७९६ साली. भाषा सभ्य, अभ्यास दांडगा. पेनने विचारले होते की कनानी लोकांची तान्ही मुले कापण्याची आज्ञा देणारा ईश्वर न्यायी कसा? वॉटसन बटलरचीच युक्ती काढतो. भूकंपात तान्ही मुले गाडली जातातच ना? मग सृष्टीतला ईश्वर आणि ग्रंथातला ईश्वर यांत फरक काय?

याच वॉटसनचे एक प्रवचन पुस्तकरूपाने १७९३ साली प्रसिद्ध झाले होते. श्रीमंत आणि गरीब दोन्ही निर्माण करण्यात ईश्वराचे शहाणपण आणि चांगुलपणा कसा आहे, हा त्याचा विषय. वेल्समधल्या आपल्या गरीब धर्मप्रांतात हा बिशप फार क्वचित फिरके. विंडरमिअरच्या तळ्याकाठी स्वतःच्या जमिनीवर राहत असे. ईश्वर जगात हस्तक्षेप करतो, हे सिद्ध करायला बसलेला हा माणूस. पण त्या हस्तक्षेपाचा उपयोग काय झाला? श्रीमंताची श्रीमंती आणि गरिबाची गरिबी यांवर ईश्वराचा शिक्का मारण्यासाठी झाला.

इथे विल्यम ब्लेक आठवतो. ब्लेक कवी आणि कोरीवकाम करणारा कारागीर. केवलेश्वरवादावर त्याचा मनापासून राग होता. नैसर्गिक धर्म असा काही नाहीच, असे सांगणाऱ्या पाट्या त्याने १७८८ साली स्वतः कोरल्या होत्या. त्याने १७९८ साली वॉटसनचे पुस्तक हातात घेतले आणि त्याच्या समासांत टिपणे लिहिली. अपेक्षा अशी की हा श्रद्धावान ख्रिस्ती बिशपच्या बाजूने बोलेल. घडले उलटे. बिशपपेक्षा पेनच अधिक चांगला ख्रिस्ती आहे, असे त्याचे मत झाले. हजारो माणसांच्या कत्तलीला ईश्वराची आज्ञा म्हणणे ही त्याला ईश्वराची निंदा वाटली. श्रीमंत-गरीब निर्माण करण्याविषयीच्या प्रवचनाचे नुसते नाव वाचूनच तो भडकला. ईश्वराने माणूस सुखी आणि संपन्नच केला होता, धूर्तांनी भोळ्यांना गरीब केले, असा त्या टिपणाचा आशय आहे.

समीक्षेच्या दृष्टीने ब्लेकची ही टिपणे मला त्या काळच्या सगळ्या ग्रंथांहून मोलाची वाटतात. कोण ईश्वराला जवळ मानतो आणि कोण दूर मानतो, या कसोटीवर त्याने माणसे जोखली नाहीत. कोण कुणाच्या बाजूला उभा आहे, हे त्याने पाहिले.

सरकारनेही तेच पाहिले होते. दिवाणखान्यांत बसून सरदार-दरकदारांनी केवलेश्वरवाद बोललेला चाले. पण पेनचे पुस्तक स्वस्तात छापून कारागिरांच्या हाती पडू लागताच तो गुन्हा ठरला. १७९७ साली एका प्रकाशकाला त्यासाठी दोषी ठरविण्यात आले. १८१९ साली शिक्षा झालेला रिचर्ड कार्लाइल सहा वर्षे डॉर्चेस्टरच्या तुरुंगात होता. विचार धोकादायक आहे की नाही हे विचारावरून ठरत नाही. तो कुणाच्या हाती पडतो यावरून ठरते.

४

आता अटलांटिक ओलांडून जाऊ. थॉमस जेफरसनला काटेकोर अर्थाने केवलेश्वरवादी म्हणावे की एकेश्वरी ख्रिस्ती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्याचा ईश्वर निर्मात्याच्या घराण्यातला होता यात शंका नाही. १८२० साली, सत्तरी उलटून गेल्यावर, त्याने चाकूने शुभवर्तमाने कापली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा चार भाषांतले उतारे शेजारी शेजारी चिकटवून त्याने येशूच्या चरित्राची आणि नीतीची एक वही केली. चमत्कार काढून टाकले. पुनरुत्थान काढून टाकले. येशूला कबरीत ठेवतात, तोंडाशी धोंडा लोटतात आणि माणसे निघून जातात, तेथे ती वही संपते. पुढे १९०४ साली अमेरिकन सरकारच्या छापखान्यातून ती छापली गेली आणि काँग्रेसच्या सभासदांना वाटली गेली.

बुद्धिवादी म्हणून मला या वहीचे कौतुक वाटायला हवे. पण ही वही कोठे बसून तयार झाली? माँटिसेलोच्या टेकडीवर. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. मृत्युपत्राने त्याने पाच जणांना मुक्त केले. त्याच्या मृत्यूनंतर, १८२७ च्या जानेवारीत, कर्ज फेडण्यासाठी त्या टेकडीवर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे १७७६ चे वाक्य याच गृहस्थाच्या हातचे.

आणि तरीही या माणसाच्या लिखाणात एक विलक्षण जागा आहे. व्हर्जिनियावरच्या त्याच्या पुस्तकात, गुलामगिरीविषयी लिहिताना, ईश्वर न्यायी आहे हे आठवले की आपल्या देशासाठी आपल्याला कापरे भरते, असे तो म्हणतो. त्याचा न्याय कायमचा झोपणार नाही. दैवाचे चक्र उलटेल, मालक आणि गुलाम यांची जागा बदलेल, आणि अलौकिक हस्तक्षेपानेही हे घडू शकेल. तसे झाले तर ईश्वराचा एकही गुण आपल्या बाजूने उभा राहणार नाही. हा त्या मजकुराचा आशय.

हे नीट वाचले पाहिजे. ज्याने चाकूने एकेक चमत्कार कापून काढला त्याला एका ठिकाणी मात्र चमत्काराची भीती वाटते, आणि ते ठिकाण म्हणजे गुलामाची पाठ. बाकी सगळीकडे त्याचे घड्याळ नियमाने चालते. इथे त्याला घड्याळजीची पावले ऐकू येतात. ईश्वर हस्तक्षेप करीत नाही, हे तत्त्वज्ञान मालकाला किती सोयीचे होते, हे मालकाच्याच भीतीवरून कळते.

घड्याळाचा विषय निघाला आहे तर बेंजामिन बॅनेकरची हकीकत सांगितली पाहिजे. हा मेरिलँडमधला स्वतंत्र काळा शेतकरी, जन्म १७३१. विशीत असताना त्याने एका खिशातल्या घड्याळाचे भाग पाहिले आणि लाकडाचे दाते कोरून ठोके देणारे घड्याळ स्वतः तयार केले. पुढे तो ज्योतिर्गणित शिकला आणि त्याने पंचांगे केली. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने आपले पंचांग जेफरसनला पाठविले आणि सोबत पत्र लिहिले. एकाच पित्याने सर्वांना एकाच रक्तामांसाचे केले, हे तुम्ही मानता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तुम्हीच ते लिहिले. मग माझ्या बांधवांना बेड्यांत कसे ठेवता? त्याने ईयोबाच्या पुस्तकाचा हवाला देऊन जेफरसनला दुःखितांच्या जागी स्वतःला ठेवून पाहायला सांगितले. जेफरसनने नम्र उत्तर धाडले. पण १८०९ साली एका मित्राला लिहिताना त्याने बॅनेकरच्या बुद्धीविषयी तुच्छतेने लिहिले. विश्व हे घड्याळ आहे असे म्हणणाऱ्याला, घड्याळ करणारा काळा माणूस समोर आल्यावर, ओळखता आला नाही. १८०६ साली बॅनेकरला पुरले त्याच दिवशी त्याचे घर जळाले आणि ते लाकडी घड्याळही गेले.

५

जेफरसनच्या चाकूशेजारी आता दुसरी कात्री ठेवू. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या काळ्या गुलामांसाठी निवडलेले बायबलचे भाग, असा त्याच्या नावाचा अर्थ. ते केवलेश्वरवाद्यांनी काढले नव्हते. गुलामांना ख्रिस्ती करण्यासाठी स्थापन झालेल्या धर्मसंस्थेसाठी ते छापले होते. त्यातून जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के आणि नव्या कराराचा सुमारे ५० टक्के मजकूर गाळला आहे. योसेफ गुलाम होऊन मालकाची इमानाने सेवा करतो, ती गोष्ट आहे. मोशे गुलामांना मिसरातून बाहेर काढतो, ती नाही. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे आहे. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे पौलाचे म्हणणे नाही.

म्हणजे जेफरसनने चमत्कार कापला आणि चर्चने मुक्ती कापली. एकाने ईश्वराला गप्प बसविले, दुसऱ्याने त्याला फक्त मालकाच्या बाजूने बोलू दिले. केवलेश्वरवादावर टीका करणाऱ्या ख्रिस्ती पंडिताने ही दुसरी कात्री आधी टेबलावर ठेवली पाहिजे, मगच पहिलीविषयी बोलावे. बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मुक्त होत नाही, असा कायदा व्हर्जिनियाने १६६७ सालीच केला होता. बार्बेडोसमधल्या कॉड्रिंग्टनच्या मळ्यांची मालकी इंग्लंडच्या एका धर्मप्रचारक संस्थेकडे होती, आणि तेथल्या गुलामांच्या छातीवर 'सोसायटी' हे अक्षर तापल्या लोखंडाने उमटवीत. इंग्लंडच्या चर्चच्या धर्मसभेने त्याबद्दल माफी मागितली ती २००६ साली.

या दोन्ही कात्र्यांना एकाच माणसाने एकाच पुस्तकात उत्तर दिले. डेव्हिड वॉकर. बाप गुलाम, आई स्वतंत्र. बॉस्टनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालवीत असे. धर्माने मेथडिस्ट. १८२९ साली त्याने जगातल्या काळ्या नागरिकांना उद्देशून एक आवाहन छापले. खलाशांच्या कपड्यांत शिवून ते दक्षिणेत पोचविले जाई असे सांगतात. दक्षिणेतल्या राज्यांनी ते दाबण्यासाठी कायदे केले. १८३० साली वॉकर तरुणपणीच वारला.

वॉकरने जेफरसनला सोडले नाही. जेफरसनचे पुस्तक विकत घ्या आणि आपल्या मुलांच्या हाती द्या, असे तो आपल्या लोकांना सांगतो. गोऱ्या मित्रांनी त्याचे खंडन केले म्हणून भागणार नाही, ते आपणच केले पाहिजे. हे वाचताना आपल्या लेखकाने आपल्याविषयी लिहिलेले सगळे आधी वाचावे आणि मग स्वतः लेखणी उचलावी, ही दलित साहित्याची भूमिकाच मला ऐकू येते. पण वॉकर तेथे थांबत नाही. आपल्या दुर्दशेची कारणे सांगताना त्याने एक अख्खे प्रकरण ख्रिस्ती उपदेशकांवर लिहिले आहे. येशूचे नाव घेऊन मालकाची चाकरी शिकविणारे हे लोक त्याच्या लेखी जेफरसनहून कमी गुन्हेगार नाहीत.

मग वॉकरचा ईश्वर कोणता? तो फारोच्या मिसरात खाली उतरलेला ईश्वर आहे. तो पाहतो, ऐकतो आणि हिशेब ठेवतो. जेफरसन ज्या हस्तक्षेपाच्या शक्यतेने कापला, त्याच हस्तक्षेपावर वॉकरची सारी आशा आहे. एकाच्या वहीत जी भीती आहे तीच दुसऱ्याच्या पुस्तकात प्रार्थना झाली आहे. केवलेश्वरवादावरचा खरा ख्रिस्ती आक्षेप म्हणतो तो हा. तो बटलरसारखा असे म्हणत नाही की निसर्गही तितकाच अगम्य आहे. तो विचारतो: ज्याला हाक ऐकू जात नाही तो ईश्वर गुलामाच्या काय कामाचा? फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली आपल्या आत्मकथेच्या शेवटी या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जे अंतर दाखविले, ते याच रस्त्यावरचे पुढचे पाऊल आहे.

६

या आक्षेपापुढे मी मान लवविली असती. पण काळ्या लेखकांनीच तो पुन्हा उलटून पाहिला आहे.

१९६९ पासून जेम्स कोनने काळ्यांचे ईश्वरशास्त्र मांडले. ईश्वर पीडितांच्या बाजूचा आहे, म्हणून अमेरिकेत तो काळाच आहे, असे त्याने म्हटले. १९७३ साली विल्यम जोन्स या काळ्या तत्त्वज्ञाने एक पुस्तक लिहून विचारले, ईश्वर गोरा वर्णद्वेष्टा तर नाही ना? त्याचा तर्क असा. ईश्वर इतिहासात हस्तक्षेप करतो म्हणता, तर मग हिशेब मांडा. जहाजांत मेलेले मोजा, झाडांना टांगलेले मोजा. मुक्तीचा एकतरी प्रसंग काळ्यांच्या वाट्याला आला काय? इस्राएलाला मिसरातून काढले, हे इस्राएलाचे झाले, आमचे काय? हस्तक्षेप करणारा ईश्वर मानला तर पुराव्यावरून तो गोऱ्यांचाच ठरतो. कोनने १९७५ साली उत्तर दिले की येशूचा क्रूस आणि पुनरुत्थान हाच तो प्रसंग. जोन्सचे त्याने समाधान झाले नाही. ईश्वराने माणसाला स्वातंत्र्य देऊन स्वतःचा हात मागे घेतला आहे, इतिहासाची जबाबदारी माणसाची आहे, अशा निष्कर्षाला तो आला.

म्हणजे हात मागे घेणारा ईश्वर पुन्हा आला. पण या वेळी तो टेकडीवरच्या मालकाच्या घरून आला नाही. तो गुलामांच्या नातवंडांच्या घरून आला. मालक म्हणत होता, ईश्वर काही करीत नाही, तेव्हा चालले आहे ते चालू द्या. जोन्स म्हणतो, ईश्वर काही करीत नाही, तेव्हा आपल्याला करावे लागेल. वाक्याचा पूर्वार्ध एकच आहे.

आपल्याकडे हा उत्तरार्ध शंभर वर्षे आधी कुणी लिहिला, हे वाचकांना सांगायला नको. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी तरुणपणी पेन वाचला. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून त्यांनी ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' निघाले. त्यातला निर्मिक अवतार घेत नाही, नामस्मरणाने प्रसन्न होत नाही, कुणा एका जातीशी बोलत नाही. पण त्याने सर्व स्त्रीपुरुषांना हक्क दिले आहेत, आणि ते हिरावणारा त्याच्या कायद्याचा गुन्हेगार आहे. या निर्मिकाची किल्ली दिलेले घड्याळ आपोआप चालत नाही. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हस्तक्षेप झाला तो असा झाला. जेफरसन आणि फुले यांचे ईश्वराविषयीचे मत बरेचसे जुळते. एकाच्या टेकडीवर माणसांचा लिलाव झाला, दुसऱ्याच्या दारात माणसांना पाणी मिळाले. केवलेश्वरवादाची परीक्षा करायची तर त्या दोन ठिकाणी जाऊन करावी.

ख्रिस्ती टीकाकार म्हणेल, हे सारे खरे, पण हौदापर्यंत न पोचलेल्या माणसाचे काय? ज्याला आज रात्री एकटेच रडायचे आहे त्याचे काय? महाराष्ट्रातल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लेखकांनाही हाच प्रश्न पडला होता. बाबा पदमनजी परमहंस मंडळीत होते. जातिभेद न मानणारा, एकच ईश्वर मानणारा तो गुप्त पंथ त्यांना पुरला नाही, आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९८१ साली मराठी ख्रिस्ती धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी बंगळूरला शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली, ती पुढे दलित ईश्वरशास्त्र म्हणून वाढली. ईश्वर राजा नाही, तो सेवा करणारा आहे, क्रूसावर टाकून दिलेला येशू हाच दलित आहे, असे ते सांगतात. हा ईश्वर बाहेरून येऊन घड्याळ दुरुस्त करीत नाही. तो दात्यांत सापडलेल्यांबरोबर सापडतो. बटलर आणि वॉटसन यांच्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

पण येथे बाबासाहेबांचा आक्षेप विसरून चालणार नाही. धर्मांतरित अस्पृश्यांवरच्या आपल्या लेखनात त्यांनी दाखविले की मिशनऱ्याने त्यांना दुःखाचे मूळ स्वतःच्या पापात शोधायला शिकविले. समाजरचनेत शोधायला शिकविले नाही. त्यामुळे रचना बदलण्याची ओढच मरून गेली. सोबत रडणारा ईश्वरही हेच करू शकतो. अश्रू पुसून घेतलेला माणूस पुन्हा त्याच रांगेत जाऊन बसू शकतो.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका गावची ख्रिस्ती होती. वडिलांनी १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतली. एका घरात दोघांचे रोज वाजे. वडील म्हणत, "आई, तुझ्या देवळातसुद्धा आपली चटई मागंच असते, तेव्हा तुझा येशू कुठं बसतो?" आजी शांतपणे म्हणे, "माझ्याजवळ, चटईवर." वडिलांना उत्तर सुचत नसे, ते चिडून बाहेर जात. मला पुष्कळ वर्षे वाटे की वाद आजीने जिंकला. आता वाटते, तिचे उत्तर खरे असले तरी अर्धे होते. तो चटईवर बसला असेल, तर चटई पुढे सरकविण्याचे काम कुणाचे? माझ्या वडिलांनी तो प्रश्न विचारला आणि आयुष्यभर त्याचे काम केले. ते कोणताही ईश्वर मानीत नव्हते.

घड्याळजी ईश्वरावरचा ख्रिस्ती आक्षेप मी म्हणून मोडीत काढीत नाही. ज्याला हाक ऐकू जात नाही तो काय कामाचा, हा वॉकरचा प्रश्न उभाच राहिला पाहिजे. फक्त तो आकाशाकडे तोंड करून विचारायचा नाही. गावात, रांगेत, हौदावर, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचा.